निळ्या दाण्यांची पुरचुंडी

अख्ख्या इंदुरात वेळ सगळ्यात जास्त कोणी मोजला असेल तर तो माझ्या वन्संनी, आणि अख्ख्या इंदुरात वेळेवर कुठेही न पोचणारं माणूस कोण असेल तर त्याही माझ्या वन्संच. मी लग्न होऊन साताऱ्याहून इंदूरला आले तेव्हा मध्यप्रदेश नावाचं राज्य अजून नवंकोरं होतं. सासरे पत्ता लिहायला बसले की हात सवयीने ‘मध्यभारत’ लिहायचा आणि मग ते शांतपणे खोडायचे. रामबागेतल्या आमच्या बिऱ्हाडाच्या दारात मी माप ओलांडायला उभी राहिले, तर ओवाळायला नणंदच नाही. सगळे खोळंबले. शेवटी शेजारच्या काकूंनी ओवाळलं, माप ओलांडून झालं, नाव घेऊन झालं, बायका पेढे घेऊन घरी गेल्या, आणि तीन तासांनी एक उंच, सडसडीत बाई, पदर कमरेला खोचलेला, बोटांना औषधांचा उग्र वास, अशा धापा टाकत जिना चढून आल्या. माझी हनुवटी धरून म्हणाल्या, “माफ कर हं. रिअ‍ॅक्शन अर्ध्यात होती, सोडून कशी येणार?” रिअ‍ॅक्शन ही त्यांची कोणी आजारी मैत्रीण असावी असं मी दोन दिवस धरून चालले होते.

माझ्या यजमानांच्या त्या थोरल्या बहीण. लग्न केलेलं नव्हतं. मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. गळ्यात काळ्या गोफात ओवलेलं एक पोलादी स्टॉपवॉच असायचं, आणि ते पदराखाली गेलं की बाहेर मंगळसूत्रासारखा नुसता काळा गोफ दिसायचा. त्यामुळे नव्या माणसाची फसगत ठरलेली. एकदा पोस्टातल्या कारकुनाने रजिस्टरवर ‘पति का नाम’ विचारलं. वन्संनी गोफ बाहेर ओढून घड्याळ त्याच्यासमोर धरलं आणि सांगितलं की नाव स्वित्झर्लंडचं आहे, मला नीट उच्चारता येत नाही. तो बिचारा कितीतरी वेळ लेखणी धरून बसला होता.

हे घड्याळ त्या कशालाही लावायच्या. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडे जिलबी पाकात टाकल्यापासून पाक पिऊन जड होईपर्यंत किती वेळ लागतो हे त्यांनी एका सकाळी उभं राहून मोजलं. गिऱ्हाइकांची रांग मागे वाढत गेली तेव्हा तो अगदी नम्रपणे म्हणाला, “बेनजी, खाओगी कि नापोगी?” वन्संनी घड्याळ बंद केलं, दोन जिलब्या घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्याला सांगितलं की तुझा पाक संध्याकाळपेक्षा सकाळी चांगला शिरतो. त्याने ते इतकं मनावर घेतलं की पुढे कित्येक वर्षं वन्संना संध्याकाळची जिलबी तो द्यायचाच नाही.

पण त्यांचा खरा शोध पाहुण्यांबद्दलचा होता. आमच्याकडे सत्यनारायण झाला की घर भरायचं, आणि वन्सं प्रसादाच्या ताटाशी बसून बाहेर पडणारी माणसं मोजायच्या. त्यांचं म्हणणं असं की पाहुणे एकेक करून जात नाहीत. पंधरा मिनिटांत निम्मे जातात, पुढच्या पंधरा मिनिटांत उरलेल्यांतले निम्मे, मग त्यांतले निम्मे. याला त्या अर्धायुष्य म्हणायच्या, आणि त्यांच्या प्रयोगशाळेतली पूडही पाण्यात अगदी अशीच संपते म्हणायच्या. हिशेबाने पाहिलं तर घर पूर्ण रिकामं कधीच व्हायचं नाही, कोणीतरी निम्मा-पाव उरणारच. तो उरणारा पाव म्हणजे आमचे एक लांबचे काका. ते आठ वाजता ‘येतो आता’ म्हणत आणि साडेनवाला चपला शोधत. एकदा वन्संनी त्यांना सरळच सांगितलं की काका, तुम्ही थिअरीच्या बाहेर आहात. काकांना ती स्तुती वाटली. ते पुन्हा बसले.

मी साताऱ्याची, मला त्यांची बोलीही पहिल्यांदा नवीच वाटायची. ‘मी आली’, ‘मी विसरलीच’, ‘सब्जी चखून बघ’, ‘परेशान नको होऊ’. मराठीचा हात धरून हिंदी घरभर फिरायची. मला माहेरची आठवण येऊन रडू यायचं आणि ते लपवायला मी फार धुणी धुवायचे. वन्संनी ते कधी पाहिलं कोण जाणे. एका रविवारी सकाळी त्यांनी मला विचारलं, तुला एकपासून साठपर्यंत न चुकता मोजता येतं का. मी हो म्हटलं. “मग चल माझ्याबरोबर. मला दोन डोळे आहेत आणि बघायच्या गोष्टी तीन आहेत.”

अशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिरले. वन्संचं पीएच.डी.चं काम चाललं होतं, आणि ते सगळं काम एका तळहाताएवढ्या बाटलीतल्या पांढऱ्या पुडीवर उभं होतं. सोडियम बोरोहायड्राइड तिचं नाव. ते मला नीट म्हणता यायला महिना लागला. परदेशातून यायची, परवाना काढावा लागायचा, आणि तो मिळेपर्यंत माणूस म्हातारं व्हायचं. वन्संनी मला समजावलं ते असं, की हायड्रोजन वायू सांभाळायचा म्हणजे लोखंडाच्या जाड नळकांड्यांत कोंबावा लागतो. नळकांडं मणभर आणि आत वायू चिमूटभर. या पुडीत मात्र तो नुसता झोपलेला असतो. पाणी घातलं की जागा होतो आणि बाहेर येतो. “किती वेळात जागा होतो, एवढंच मला बघायचंय,” त्या म्हणाल्या. शेजारच्या काकूंनी विचारलं होतं की याच्यावर शेगडी पेटेल का. वन्संनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की आपल्या हयातीत बहुधा नाही. काकूंनी मग पुढे चौकशी केली नाही.

बघायला तिथे काहीच नव्हतं हे खरं. कोमट पाण्याच्या टाकीत एक चंबू, त्यात सोड्याच्या बाटलीतल्यासारखे बुडबुडे, आणि बाजूला आकडे कोरलेली एक उभी काचेची नळी. वायू जमेल तसं नळीतलं पाणी खाली सरकायचं. मी घड्याळ धरून दर मिनिटाला ‘वेळ’ म्हणायचं, वन्संनी नळीशी डोळा लावून आकडा वाचायचा आणि लिहायचा. दीड-दीड, दोन-दोन तास. आकडा वाचताना बोलायचं नाही असा नियम होता, त्यामुळे आमच्या नणंद-भावजयीच्या सगळ्या गप्पा पन्नास-पन्नास सेकंदांच्या तुकड्यांत झाल्या. माझं माहेर मी त्यांना तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, आणि त्यांनी आपलं न झालेलं लग्नही तसंच सांगितलं. स्थळ ग्वाल्हेरचं होतं. मुलगा चांगला होता, वन्संना आवडलाही होता. “सगळं ठरलं होतं. मग त्याच्या आईने विचारलं की लग्नानंतर ही नोकरी,” मी म्हटलं ‘वेळ’, त्यांनी वाचलं, “तेवीस पॉइंट चार,” लिहिलं, आणि पुढे म्हणाल्या, “सोडणार ना? मी म्हटली, सोडीन, पण प्रयोग पुरा झाला की. त्यांनी विचारलं, कधी पुरा होणार? आता ते मला कुठे ठाऊक होतं.” पुन्हा मी ‘वेळ’ म्हटलं. त्या दिवशीच्या वहीत तेवीस पॉइंट चारनंतरच्या आकड्यांचं अक्षर जरा तिरकं आहे, एवढंच.

त्या रविवारांनी मला इंदुरात रुजवलं. येताना आम्ही कोपऱ्यावर पोहे खायचो, घरी यायला बारा वाजायचे, आणि स्वयंपाकाला उशीर झाला म्हणून सासूबाई आपल्या लेकीलाच बोलायच्या, मला नाही. मला वाटायचं मी मोठं काहीतरी करते आहे. चारचौघींत मी सहज म्हणूनही जायचे, की आमच्या प्रयोगात अमुक झालं.

मग एका भाद्रपदात वन्संना टायफॉइड झाला. ताप चढला की त्या पुडीबद्दल बोलायच्या. ती पूड हवेतला ओलावा ओढून घेते आणि फुकट जाते, म्हणून बाटली एका जाड काचेच्या झाकणबंद भांड्यात ठेवलेली असायची. भांड्याच्या तळाशी निळे दाणे, त्यावर चिनी मातीची जाळी, जाळीवर बाटली. दाणे ओलावा शोषत आणि शोषून शोषून गुलाबी होत. मग ते भट्टीत भाजून पुन्हा निळे करून घालायचे. वन्संनी माझा हात धरून सांगितलं की दर आठवड्याला जाऊन दाणे बदल, बाकी कशाला हात लावू नकोस. मी गेले. प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या नोकराने दाणे भाजून दिले, मी गुलाबी काढून निळे घातले.

सांगितलं तेवढं करून थांबेल ती गृहिणी कसली. आमच्याकडे गव्हात कडुनिंबाचा पाला घालतात, तिखटात हिंगाचा खडा, डाळीत बिब्बे. साठवणीचं मला कोणी शिकवावं असं मला वाटत नव्हतं. मी विचार केला, ओलावा ओढणारे दाणे एवढे खाली, आणि जपायची पूड वर बाटलीत. हे म्हणजे पाला बाहेर ठेवून गहू कोठीत भरण्यासारखं. यजमानांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला, त्यात चिमूटभर निळे दाणे बांधले, आणि ती पुरचुंडी अलगद बाटलीत पुडीवर ठेवून बूच लावलं. नोकर म्हणाला, “भाभीजी, बाईजी को बता देना.” मी हो म्हटलं. तीन आठवड्यांनी वन्सं उठून बसल्या, कॉलेजात जायचं म्हणाल्या, त्याच्या आदल्या दिवशी मी पुरचुंडी काढली. दाणे गुलाबी झाले होते. माझी खात्री पटली की पूड मी वाचवली. सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं असंही नाही; वन्संना सांगण्याइतकी ती गोष्ट मला मोठीच वाटली नव्हती. तिखटात हिंग घातला हे कोणी कोणाला सांगतं?

दिवाळीनंतर आमचे रविवार पुन्हा सुरू झाले आणि आकडे पळायला लागले. पूर्वी परदेशी पुस्तकातल्या आकड्यांशी वन्संचे आकडे जुळायचे. आता वायू लवकर बाहेर यायला लागला, आणि महिने जाऊ लागले तसा आणखी लवकर. वन्संनी पाणी बदललं, टाकीची उष्णता तपासली, माझं घड्याळ दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. सगळं बरोबर. मग त्यांना वाटलं, पूड जुनी होते आहे तशी तिच्यात काही बदल होत असावा. मी म्हटलं, म्हणजे लोणच्यासारखं, मुरते आहे. वन्संना तो शब्द इतका आवडला की इंग्रजी प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यात समासात त्यांनी ‘मुरणं’ असं देवनागरीत लिहून ठेवलं होतं. त्यांचे मार्गदर्शक हिंदी भाषक होते, मोठे सज्जन. ते तर हरखूनच गेले. साठवलेली पूड जुनी होता होता वेगवान होते, हे कोणीच सांगितलेलं नव्हतं. एवढ्याशा खोलीत, एवढ्याशा बाटलीतून नवी गोष्ट निघाली. वन्सं चाळिशीच्या होत्या, पण त्या वर्षभरात जिना दोन-दोन पायऱ्या सोडून चढायच्या. प्रबंध टंकून झाला, चार प्रती, बांधायला द्यायच्या बाकी होत्या. सासऱ्यांनी दारावर लावायला पाटी करायची ठरवली होती आणि ‘डॉक्टर’ आधी की ‘कुमारी’ आधी यावर घरात चर्चा चालली होती.

एका दुपारी मी मेथी निवडत होते. वन्सं समोर बसून ताटातल्या भाताशी चाळा करत होत्या. म्हणाल्या की अलीकडे चंबूच्या तळाशी राखाडी गाळ दिसतो, इतका थोडा की पुसला तर बोटाला लागत नाही. तो त्यांनी तपासून पाहिला होता. कोबाल्ट निघाला. कोबाल्टचा कण जरी पडला तरी ही पूड वेडी होऊन धावते, हे पुस्तकातच होतं. “पण कोबाल्ट येणार कुठून? आमच्या खोलीत तो फक्त त्या निळ्या दाण्यांत असतो. आणि दाणे तर जाळीच्या खाली,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि हात धुवायला उठल्या.

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. धोतराच्या मऊ कापडातून दाण्यांची भुकटी खाली पुडीत गाळली गेली असणार, आणि हळूहळू तळाशी उतरली असणार. बाटली रिकामी होत गेली तशी तळाची पूड वर आली आणि आकडे धावत सुटले. हे मला तेव्हा असं नीट मांडता आलं नसतं, पण कळलं सगळं एका क्षणात. मी चार दिवस गप्प बसले. ते चार दिवस माझ्या आयुष्यातले फार वाईट दिवस. कधी वाटायचं, प्रबंध तर झालाच आहे, जाऊ दे एकदा. कधी वाटायचं, त्यांना कळलं तर या घरात मी तोंड कुठे दाखवू. मी न बोलता जास्त जास्त धुणी धुतली.

रविवारी आम्ही गेलो. वन्संना गाळ आणखी जमवायचा होता म्हणून पुन्हा तोच प्रयोग. पहिली दहा मिनिटं मी ‘वेळ’ म्हटलं. अकराव्याला मी ‘वेळ’ म्हटलंच नाही. वन्संनी नळीवरचा डोळा न काढता विचारलं, काय झालं. मी म्हटलं, “वन्सं, तुम्ही तापात होता तेव्हा मी बाटलीत पुरचुंडी ठेवली होती. त्या दाण्यांची.”

त्या हलल्या नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाल्या, “वेळ सांग.”

मी पाहिलं आणि सांगितलं. त्यांनी आकडा वाचला, लिहिला. पुढे तो प्रयोग पाऊण तास चालला आणि आम्ही तो शेवटपर्यंत केला. मी वेळ सांगत होते, त्या आकडे लिहीत होत्या, आणि मधल्या पन्नास सेकंदांत त्या दिवशी कोणीच काही बोललं नाही. बुडबुडे थांबल्यावर त्यांनी वहीचं नवं पान काढलं आणि विचारलं, कापड कसलं होतं, दाणे किती, पुरचुंडी आत किती दिवस होती, काढली तेव्हा दाण्यांचा रंग कसा होता. मी सांगितलं ते सगळं त्यांनी लिहून घेतलं. ‘जुनं धोतर, मऊ’ हेसुद्धा. मग माझ्याकडे पाठ करून त्या काचेची भांडी धूत बसल्या. एरवी तीन पाण्यांनी धुवायच्या, त्या दिवशी किती पाण्यांनी धुतली कोण जाणे. मी मागे उभी राहून रडत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, “म्हणजे मुरत नव्हती ती.” आणि थोड्या वेळाने, “शब्द छान होता.”

पहिल्या दिवशीच्या पुडीतली थोडी पूड त्यांनी एका छोट्या नळीत बंद करून बाजूला ठेवलेली होती. तिचे दोन भाग केले. एक तसाच पाण्यात घातला, दुसऱ्यात निळ्या दाण्यांची कणभर भुकटी घातली. पहिला पुस्तकातल्यासारखा सावकाश चालला, दुसरा पळाला. माझ्यासमोर केलं हे सगळं. मीच वेळ सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या मार्गदर्शक सरांकडे गेल्या तेव्हा मलाही बरोबर नेलं, का ते मला तेव्हा कळलं नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी मायेने म्हणाले की आकडे तर तुम्ही खरेच घेतले आहेत, परीक्षक गाळाबद्दल विचारणार नाहीत, एवढ्या वर्षांची मेहनत आहे, विचार करा. वन्सं म्हणाल्या, “सर, रीडिंग सच्ची है, कहानी झूठी है.” सरांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं की ही पोटली आत ठेवली कोणी. मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या, माझ्या हातात बशी दिली, खुशाली विचारू लागल्या. वन्सं सरांना काय म्हणाल्या ते त्या गडबडीत माझ्या कानांवर आलं नाही.

प्रबंध विद्यापीठाकडे गेलाच नाही. नव्या पुडीसाठी वन्संनी अर्ज केला. पण तेव्हा लढाईचे दिवस होते, परकीय चलनाची टंचाई होती, असल्या गोष्टींना परवाना मिळेना. मग सर निवृत्त होऊन बनारसला गेले. वन्संनी एक पानभर टिपण मात्र छापलं, की अशी पूड साठवताना निळ्या दाण्यांची भुकटी तिच्याजवळ फिरकू देऊ नये. माझं इंग्रजी बेताचं, मी ते वाचलं नाही. टंकलेल्या चार प्रतींचे कागद एका बाजूने कोरे होते. वन्संनीच ते काढून माझ्या मुलाला दिले. त्याची बाराखडी, त्याचे पाढे, त्याची शेपूट फार लांब असलेली मांजरं, सगळी त्या पळणाऱ्या हायड्रोजनच्या पाठीवर काढलेली आहेत. मुलगा कधी कागद उलटून विचारायचा, आत्या, हे काय लिहिलंय? वन्सं म्हणायच्या, “गलत गोष्ट आहे बाळा, तू मांजर काढ.”

त्यांच्या वागण्यात फरक पडला नाही. मला घरात कोणी एक शब्द बोललं नाही. मी समजत होते की वन्संनी सगळ्यांना सांगितलं असेल आणि हे सगळे मोठ्या मनाने गप्प आहेत. वर्षानुवर्षं मी त्या समजुतीत घालवली, सासूबाईंच्या नजरेतही मी क्षमा पाहायचे. ती तिथे नव्हतीच, कारण त्यांना काही ठाऊकच नव्हतं, हे मला कळायला वन्संची निवृत्ती यावी लागली.

कॉलेजच्या सभागृहात निरोपसमारंभ होता. शाल, श्रीफळ, हार, मुलींचं स्वागतगीत. वन्सं स्वतःच्याच निरोपाला चाळीस मिनिटं उशिरा पोचल्या होत्या, त्यामुळे सुरुवातच हशाने झाली. प्राचार्य बोलायला उभे राहिले. माणूस मिस्कील होता, बोलायचा छान. त्यांनी वन्संच्या घड्याळाच्या गोष्टी सांगितल्या, पोहेवाल्याची सांगितली, आणि मग म्हणाले की आता एक राज की बात सांगतो. आपल्या या विदुषी, केमिस्ट्रीच्या एवढ्या पंडित, यांनी तरुणपणी काय केलं? विलायतेहून आलेल्या नाजूक औषधाच्या बाटलीत, आमच्या आजीने चावलात नीम घालावा तशी, दाण्यांची पोटली बांधून ठेवली. “और पीएच.डी. हवा हो गई, हायड्रोजन के साथ!” सगळं सभागृह हसलं. मुली हसल्या, प्राध्यापक हसले, माझ्या शेजारी बसलेले माझे यजमानही हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ताईचं हे आपल्याला माहीतच नव्हतं. व्यासपीठावर हार घालून बसलेल्या वन्सं सगळ्यांबरोबर हसत होत्या.

मी उठले. काय बोलणार होते मला माहीत नाही, पण उभी राहिले. तेवढ्या गर्दीतून वन्संची नजर थेट माझ्यावर आली. त्यांनी मांडीवरचा हात जरासा उचलला आणि खाली दाबल्यासारखा केला, वर्गातल्या मुलीला बस म्हणावं तसा. मी बसले.

यजमान सामान घेऊन पुढे गेले. वन्सं म्हणाल्या आपण चालत जाऊ, म्हणून आम्ही दोघी कृष्णपुऱ्याच्या पुलावरून निघालो. नदीकाठच्या दगडी समाधी-छत्र्यांवर उन्हं उतरली होती. त्यांच्या हातात नारळ होता आणि शाल खांद्यावरून घसरत होती. मी ती दोनदा सावरली. मग विचारलं की तुम्ही असं का केलंत, सरांना माझं नाव का नाही सांगितलंत. त्यांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, “अगं, माझ्यावर हसले ते. पण माझ्यावर हसले तर दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन शिकवू शकते. तुझ्यावर हसले असते तर तू पुन्हा त्या खोलीत आली नसती.” पुढे जाऊन त्यांनी आणखी एक सांगितलं, की दाणे बदलायला पाठवताना ते बाटलीपासून लांब का ठेवायचे हे मी तुला कधी धड समजावलंच नाही. नुसतं हात लावू नको म्हटलं. “चूक तिथे झाली. तुझी वेळ तर एकदाही चुकली नाही.” आणि लगेच भूक लागली म्हणून त्यांनी रस्त्यातच नारळ फोडायची जागा शोधायला सुरुवात केली.

वन्संना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात डॉक्टर नाडी बघायला आला की त्या त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे संशयाने बघायच्या. त्यांच्या विद्यार्थिनी अजून भेटतात, आज्या झाल्यात त्याही. भेटल्या की बाईंच्या आठवणी निघतात, आणि बोलता बोलता कोणीतरी ती पोटलीची गोष्ट काढतेच. सगळ्या प्रेमानेच हसतात. मीही त्यांच्यात बसून इतकी वर्षं हसत आले, कारण वन्संनी एकदा हाताने बस म्हणून सांगितलं होतं.

पण आता माझंही वय झालं, आणि हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं. त्या बाटलीत पुरचुंडी मी ठेवली होती. धोतर माझ्या यजमानांचं, दाणे चिमूटभर, दिवस एकवीस. वन्सं तेव्हा तापात होत्या. हसायचं असेल त्यांनी आता माझ्यावर हसावं.